तंग पाहिला

डॉ. सुचित्रा विजयकरच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाला खोटं बोलायची सोय नव्हती. "दिवसातून दोनदा घासता का?" असं ती विचारायची आणि उत्तर येण्याआधीच आरसा तोंडात घालून खरं काय ते पाहून घ्यायची. ठाकुरद्वारच्या नाक्याजवळ सत्तावीस वर्षं लोकांचे दात काढत, भरत, बसवत आलेली बाई ही. नाकावर माशी बसू द्यायची नाही. अशा बाईनं दोन शब्दांचं खोटं बोलावं आणि मग ते गिळताही येऊ नये, थुंकताही येऊ नये, असं तिच्या पेशंटांना सांगितलं असतं तर त्यांनी आपल्यालाच वेड्यात काढलं असतं.

सुरुवात झाली ती पाडव्याच्या शोभायात्रेवरून. गिरगावात नऊवारी नेसून, नाकात नथ घालून मोटरसायकल चालवणाऱ्या बायका आता इतक्या झाल्यात की त्यांचं कोणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. घोड्यावरच्या बायका असायच्या, पण त्या कशा, तर लग्नाची भाड्याची घोडी आणायची, बाईला वर चढवायचं आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी धरून तिला बाजारातून आणलेल्या पोत्यासारखं पुढे न्यायचं. यंदा मंडळातल्या बायकांनी ठरवलं, बसायचं तर शिकून बसायचं. महालक्ष्मीच्या बाजूला एक लहानसा रायडिंग क्लब आहे, तिथे नवशिक्यांसाठी सहा रविवारांचं शिबिर होतं. चौघींनी नावं दिली. सुचित्रा, तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी तिची बालमैत्रीण, शाळामास्तरीण देविका, कॉलेजात शिकणारी अनुजा आणि अनुजाची आई.

सुचित्राचं कारण मात्र शोभायात्रा नव्हतं. तिचं कारण होतं अप्पा. तिचे वडील. वय शहाऐंशी, पाय गेलेले, सबंध दिवस रस्त्यावरच्या खिडकीत. आपल्या आजोबांच्या दारात दोन घोड्यांची बग्गी होती, ही गोष्ट अप्पांनी उभ्या गिरगावाला इतक्यांदा सांगितली होती की ऐकणारे ती मागून पुढे म्हणून दाखवू शकले असते. लेक घोड्यावर बसून खिडकीखालून जाणार म्हटल्यावर म्हातारा पालटला. वेळेवर औषध घेऊ लागला, न्हाव्याला घरी बोलावून दाढी करवू लागला. डिसेंबरात डॉक्टरांनी सुचित्राला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. यंदानंतरचा पाडवा अप्पांना दिसेल असं तिला वाटत नव्हतं.

पहिल्या रविवारी घोड्यावर बसणं दूरच, चौघींच्या हातात घोड्याचं अंग घासायचे खरारे आले. शिकवणारा ऑस्वाल्ड, माहीमचा, सत्तरीचा, बोटभर उंचीचा आणि ढीगभर आवाजाचा. तरुणपणी रेसचे घोडे पहाटे पळवायचं काम केलेला.

"बाय, पैला तिचे पाय उचलायचे, मग तिच्यावर बसायचं," तो म्हणाला. "तू तिच्या अंगावर बसतेस, मॅन. ती नाय बसत तुझ्यावर."

सुचित्राने पिशवीतून दवाखान्यातले रबरी मोजे काढून चढवले. चांदणी नावाची तांबडी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, तिने त्या मोज्यांचा वास घेतला आणि जोरात फुरफुरली. तिच्या डोक्याशी उभा असलेला, घोड्यांची निगा राखणारा सईस गुणाजी हसू दाबत म्हणाला, "डागतर, तिचे दात नाय काढूचे हत. खूर साफ करूचो आसा." मोजे निघाले. तिसऱ्या रविवारपर्यंत तिला खुरातली माती काढताना वासही येईनासा झाला. गुणाजी एकदा म्हणाला, "तुमचो हात हलको आसा हो," तेव्हा तिला डिग्री मिळाली तेव्हाइतका आनंद झाला.

ऑस्वाल्डने घोडी धरून चालायला शिकवलं. डाव्या खांद्यापाशी उभं राहायचं, ओढायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. जायचंय तिकडे बघायचं आणि चालू लागायचं. मागे वळून बघत ओढली की घोडी खांबासारखी उभी राहते. हे ऐकून घरी अप्पा चिडले. "तुला घोडा धरायला शिकवतात? आमच्याकडे ते मोतद्दाराचं काम. आपण फक्त बसायचं."

आणि मग तंग. खोगीर घोड्याच्या पाठीवर राहतं ते पोटाखालून आवळलेल्या या पट्ट्याच्या जिवावर. चांदणी मोठी बेरकी. पट्टा आवळायला घेतला की श्वास भरून पोट फुगवून ठेवायची. गुणाजीने कितीही आवळला तरी एक फेरी मारून तिने श्वास सोडला की पट्टा दोन भोकं ढिला. म्हणून ऑस्वाल्डचा नियम होता. एका घोडीवर दोन बायका, एक वर, एक खाली. पहिली फेरी झाली की खालचीने पट्ट्याखाली दोन बोटं घालायची, ढिला असेल तर आवळायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "तंग पाहिला." ते ऐकल्याशिवाय दुडकी चाल नाही. सुचित्रा आणि देविकाची जोडी चांदणीवर. शोभायात्रेतही निम्मी वाट देविका वर बसणार आणि ठाकुरद्वारपासून पुढे, अप्पांच्या खिडकीखालून, सुचित्रा.

पाचव्या रविवारी रंगीत तालीम होती. नऊवारी, नथ, शिरस्त्राणावरून बांधलेले फेटे. नुसता फेटा बांधणाऱ्या बाईला ऑस्वाल्ड घोड्याजवळ फिरकू देईना, म्हणून ही तोड काढली होती, आणि चौघींची डोकी भोपळ्याएवढी दिसत होती. हसून हसून पुरेवाट झाली. देविका वर बसली, गुणाजीने एक फेरी फिरवून आणली आणि बाजूला झाला. तेवढ्यात अनुजा मोबाइल घेऊन पुढे आली. "सुचित्रामावशी, अप्पांसाठी एक फोटो! इकडे बघ!" सुचित्राने एक हात घोडीच्या मानेवर ठेवला, दुसऱ्याने नथ सरळ केली. देविकाच्या साडीचा घोळ तंगावर उतरला होता, तो बाजूला करून, वाकून हात घालायचा, तर फोटो बिघडला असता. लांबून ऑस्वाल्ड ओरडला, "चांदणी! तंग?"

"पाहिला!" सुचित्रा म्हणाली. फोटोकडे बघत.

घोडी दुडकत निघाली. पहिल्याच वळणावर खोगीर हळूच कलंडलं, अगदी ताटातली वाटी कलंडावी तसं, आणि देविका एक शब्दही न बोलता खाली आली. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

देविकाला इस्पितळात पोचवून संध्याकाळी सुचित्रा क्लबच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी, ऑस्वाल्ड आणि गुणाजी तिथेच होते. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग विचारलं, "डॉक्टर, फक्त रेकॉर्डसाठी विचारतो. पहिल्या फेरीनंतर तंग तुम्ही हात घालून पाहिला होता?"

खरं सांगायला एवढी चांगली संधी माणसाला पुन्हा मिळत नाही. ऑस्वाल्ड तिच्याकडे पाहत होता. गुणाजी जमिनीकडे. नाही म्हटलं तर शिबिरातून नाव कटणार, हे ऑस्वाल्डने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सुचित्राच्या डोळ्यांसमोर खिडकीतला गुळगुळीत दाढीचा म्हातारा आला, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी स्वतःचं नाव आलं. डॉक्टर विजयकर चुकली, मैत्रिणीचं हाड मोडलं.

"हो," ती म्हणाली. "पाहिला होता."

"घट्ट होता?"

"घट्ट होता."

"म्हणजे बक्कलच नीट लावलेलं नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले आणि गुणाजीकडे वळले. गुणाजीने वर पाहिलं, साहेबांकडे नव्हे, तिच्याकडे. एकदाच. मग तो "जी" म्हणाला. एकोणीस वर्षांची नोकरी होती त्याची. तबेल्यामागची खोली त्याने दोन दिवसांत सोडली.

पुढचे दिवस सुचित्राला अन्न गोड लागलं नाही. दवाखान्यात ती लोकांवर उगाच खेकसायची, मग उगाच माफी मागायची. अनुजाने तो फोटो छापून, चौकट करून अप्पांना आणून दिला होता. त्यांनी तो औषधांच्या डब्याशेजारी ठेवला. दिवसातून चार वेळा औषध काढायला गेलं की चार वेळा तो फोटो. फोटोत सुचित्राचं तोंड अर्धवट उघडं होतं. अप्पा आल्यागेल्याला सांगत, "बघा, कशी हसतेय." ते हसू नव्हतं. ते 'पाहिला' म्हणतानाचं तोंड होतं. एक हात मानेवर, एक नथीवर. दोन्ही हात जगाला दिसत होते, आणि तंग होता तिथे हात नव्हता.

देविकाकडे ती रोज जेवणाचा डबा घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी देविका म्हणाली, "गुणाजीला काढलं म्हणे."

"हो ना."

"बरा होता गं माणूस. तू हात घालून पाहिला होतास ना? मला वर बसून काही कळलं नाही."

"पाहिला होता," सुचित्रा म्हणाली. ऑफिसातलं खोटं भीतीपोटी होतं, ते एकवेळ समजून घेता येईल. पण बालमैत्रिणीच्या पलंगावर बसून, तिच्याच मोडक्या हाताला उशी लावता लावता बोललेल्या या खोट्याची सुचित्राला मनापासून किळस आली. डबा रिकामा न करताच ती उठली.

शोभायात्रेला चार दिवस उरले तेव्हा तिने गुणाजीचा पत्ता काढला. काळाचौकीला बहिणीकडे राहत होता. बहिणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आधीच पाच माणसं होती, म्हणून तो बाहेर गॅलरीतच स्टुलावर बसला होता. सुचित्राला बघून उठला, स्टूल तिला दिलं, बहिणीला चहा टाकायला सांगितलं. हे सगळं इतकं रीतसर की तिला पळून जावंसं वाटलं.

"चांदणीचे खूर कोण बघता आता?" त्याने विचारलं. "मागचो उजवो पाय ती लवकर देणा नाय. खांद्यार हात ठेवूचो लागता."

"गुणाजी, त्या दिवशी..."

"माका म्हायत आसा, डागतर." त्याचा आवाज चढला नाही. "मी थयच उभो होतंय. तुमचो हात खालती गेलोच नाय."

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुमी हो म्हणालास. तुमच्या समोर माझा कोण ऐकता?" हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. "तुमी सांगा सायबाक. अजून येळ आसा. नवो माणूस पाडव्याक रुजू होतलो, मुहूर्त बघून. एकदा तो इलो की माझी जागा गेली."

सुचित्राने अप्पांचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, जे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं, ते या गॅलरीत सांगितलं. तिचे डोळे भरले, आणि तेही खरे होते. "पाडवा झाला की त्याच दिवशी सांगते. शपथ. फक्त एवढा पाडवा."

गुणाजीने खालच्या चौकातल्या गणपती मंडळाच्या बंद पत्र्याच्या शेडकडे नजर वळवली. "बापाशीचा मीया समजतंय," तो म्हणाला. "पण माझो पण पाडवोच आसा मगे." बहिणीने चहा आणला. सुचित्राने तो उभ्यानेच प्यायला, जीभ पोळली, आणि ती निघाली. टॅक्सीत बसल्यावर तिने स्वतःची समजूत घातली की नवा माणूस आला तरी त्याला दुसरीकडे लावता येईल, क्लब मोठा आहे, आपण शब्द टाकू. क्लबात घोडे सात होते आणि सईस दोन, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पाडव्याच्या सकाळी, यात्रा निघते त्या फडके मंदिरापाशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. दारोदार गुढ्या, रस्त्यावर रांगोळ्या, ढोलवाले पट्टे ताणून बसलेले. घोड्या घेऊन आलेली गाडी त्या दोघींना उतरवून केव्हाच निघून गेली होती आणि मागचा रस्ता पोलिसांनी बंद केला होता. चांदणीचे कान सारखे मागे-पुढे होत होते. तिचा लगाम चाळिशीतल्या एका अनोळखी माणसाने धरला होता. नवीन खाकी शर्ट, घडी मोडलेली नव्हती. तो घोडीच्या तोंडाकडे बघत तिला ओढत होता आणि ती जागची हलत नव्हती.

"हे कोण?" सुचित्राने विचारलं.

"नवा सईस. आज सकाळीच रुजू झाला, मुहूर्तावर," ऑस्वाल्ड म्हणाला. त्याचा चेहरा बरा नव्हता. "चढ बाय. आता सगळी वाट तुझीच."

ती चढली. सईसाने ओढणं सोडल्यावर घोडी हलली, पहिली लहानशी फेरी झाली. गर्दीतून वाट काढत देविका आली, उजवा हात गळ्यात बांधलेला, तरी नऊवारी नेसलेली. "जोडीदारीण मीच ना," ती ऑस्वाल्डला म्हणाली. तिने सुचित्राच्या साडीचा घोळ डाव्या हाताने वर केला, तो दातांत धरला, कारण दुसरा हात मोकळा नव्हता, वाकली आणि पट्ट्याखाली दोन बोटं घातली. मग बक्कल सोडून एक भोक आवळायला घेतलं. एका हाताने ते होईना. वेळ लागला, कपाळावर घाम आला, खांद्यातून कळ गेली तशी तिने डोळे मिटले. ढोलवाले खोळंबले. मंडळाचा कार्यकर्ता अवधूत घाई करायला लागला. ती ढिम्म हलली नाही. शेवटी पट्टा आवळला गेला तशी सरळ उभी राहून, दातांतली साडी सोडून ती म्हणाली, "तंग पाहिला."

आणि सुचित्राकडे बघत, हळू आवाजात, "फोटो माझ्याकडेपण आहे गं. मी तुझी वाट बघत होते."

सुचित्राने रिकिबीतून पाय काढला आणि ती खाली उतरली.

"काय झालं?" ऑस्वाल्ड धावत आला.

"त्या रविवारी मी हात घातला नव्हता," ती म्हणाली. आजूबाजूला मंडळाची माणसं होती, तिचे दोन पेशंट होते, अनुजा होती. "फोटो काढत होते. नुसतंच पाहिला म्हटलं. गुणाजीची चूक नव्हती. ऑफिसात मी खोटं बोलले. मग परत बोलले."

ऑस्वाल्डचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "एकोणीस वर्षं होता तो माझ्याबरोबर. आणि मी तुझा ऐकला." त्याने नव्या माणसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तू माझ्या घोड्यावर बसायची नाय. आज पण नाय, कवा पण नाय."

"नाही बसत. गुणाजीला परत घ्याल?"

"उद्या तू साहेबाला लिहून दे. मी बोलतो. पण ह्या माणसाला काय सांगू, मॅन? घरी गूळ वाटून आला असेल तो." नवा सईस काही न कळून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

त्याच क्षणी ढोल सुरू झाले. चांदणी मागच्या पायांवर उठली, नव्या माणसाच्या हातून लगाम सुटला, बायका किंचाळल्या. सुचित्रा विचार करत बसली नाही. डाव्या खांद्यापाशी गेली, मानेवर हात ठेवला, लगाम धरला. "ओ, ओ, ओ," गुणाजी म्हणायचा तसं म्हणाली. घोडी थरथरत खाली आली आणि तिने आपलं तोंड सुचित्राच्या खांद्यात खुपसलं. नथ मोडली.

मागे रस्ता बंद, बाजूला माणसांच्या भिंती. घोडीला बाहेर काढायचं तर यात्रेबरोबर पुढेच न्यावं लागणार होतं. "धरून चाल," ऑस्वाल्ड म्हणाला. "तेवढं तुला येतं."

ती चालू लागली. ओढायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, जायचंय तिकडे बघायचं. वर रिकामं खोगीर, खाली नऊवारीतली बाई घोडी धरून चाललेली. लोक एकमेकांना विचारत होते, वरची कुठे गेली? तिच्या दवाखान्यातली मदतनीस फूटपाथवरून हात हलवता हलवता थांबली. ठाकुरद्वार आलं. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच आपल्याला मोकळं वाटतंय, हे सुचित्राला जाणवलं आणि त्याचीच तिला लाज वाटली. ती मोकळी झाली होती ते गुणाजीची जागा गेल्यावर.

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत अप्पा होते. गुळगुळीत दाढी, ठेवणीतला बंद गळ्याचा कोट, मांडीवर ती फोटोची चौकट. त्यांनी घोडी ओळखली, कपाळावरच्या ठिपक्यावरून. आनंदाने हात वर केला आणि तो वरच राहिला. ते खोगिराकडे बघत होते. मग मागच्या घोडीकडे, तिच्यावर अनुजा. मग पुन्हा खोगिराकडे. घोडी धरणाऱ्या माणसाकडे बघायची त्यांना उभ्या आयुष्यात कधी गरज पडली नव्हती.

सुचित्राने मान वर केली. त्याबरोबर चांदणी खांबासारखी उभी राहिली आणि मागची सगळी यात्रा थांबली.

"अप्पा," ती ढोलांच्या वरताण ओरडली, "खाली बघा. मी खाली आहे."